खडीच्या रस्त्यासाठी सस्पेन्शन बदलताय? आधी या चुका टाळा

गाडी घेऊन हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरलं की थार-जिमनीवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दोन इंचाचा लिफ्ट टाकू का?" म्हणजे गाडी दोन इंच उचलून घेऊ का. माझं उत्तरही ठरलेलं. आधी टायरची हवा बघा, मग शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची नळी), मग गाडीतलं वजन. उंचीचा नंबर त्यानंतर, आणि पुष्कळदा तो लागतच नाही. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, २२६ मिमी आहे, जिमनीचा २१०. ग्राम्फूपासून छत्रू, बाताल करत कुंझुम खिंडीपर्यंत दगडगोटे आणि नाले आहेत हे खरं, पण जपून चाक टाकणाऱ्याला एवढी उंची पुरते. तिथे गाडी मारतात ते तासन् तास चालणारे बारीक दणके.

दणक्यांचं गणित

कच्च्या रस्त्यावर गाड्यांच्या वर्दळीने पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात. दोन लाटांमध्ये साधारण ६० सेंटिमीटर अंतर धरलं, तर ताशी ३० किमीच्या वेगात चाकाला सेकंदाला चौदाएक दणके बसतात. यातला प्रत्येक दणका शॉकअप पिस्टनच्या भोकांतून तेल ढकलून जिरवतो, म्हणजेच त्याची उष्णता करतो. अर्ध्या-पाऊण तासात शॉकअपला हात लावता येत नाही. तेल तापून पातळ होतं, साध्या ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेल्या) शॉकअपमध्ये त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि सकाळी ठणठणीत असलेली गाडी दुपारी होडीसारखी डुलायला लागते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा ठीक! म्हणून लोकांना वाटतं रस्ताच खराब होता.

खडीसाठी पैसे घालायचे तर ते इथे घाला. मोठ्या व्यासाचा, जास्त तेल मावणारा शॉकअप किंवा मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉकअप). मोनोट्यूबमध्ये नायट्रोजन वेगळ्या कप्प्यात दाबून भरलेला असतो, त्यामुळे फेस होत नाही, आणि एकच नळी असल्याने उष्णता थेट बाहेर पडते. मात्र त्या नळीवर दगड बसून पोचा पडला की पिस्टन अडकतो. बाहेर उघडा राहणारा शॉकअप असेल तर खालून पत्र्याचं संरक्षण हवंच.

"कडक घेतला म्हणजे मजबूत" ही पुढची समजूत. रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उलगडतानाचा विरोध, फार कडक असेल तर एका लाटेवर वर गेलेलं चाक पुढची लाट येईपर्यंत खाली पोचत नाही. प्रत्येक लाटेला गाडी थोडी थोडी बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपच्या, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर लागणाऱ्या, रबरावर आदळते. चालक म्हणतो स्प्रिंग मऊ आहे. मग तो आणखी कडक स्प्रिंग टाकतो, आणि त्रास वाढतो.

स्प्रिंग घ्यायची कुठल्या वजनासाठी?

स्प्रिंगचे किट नेहमी वजनानुसार येतात: रिकामी गाडी, थोडं कायमचं वजन, जास्त कायमचं वजन. इथे "कायमचं" महत्त्वाचं आहे. वर्षातून एकदा पंधरा दिवस सामान लादायचं म्हणून जड वजनाची स्प्रिंग टाकली, की उरलेलं वर्षभर मागचा भाग उड्या मारतो आणि खडीवरच्या वळणात शेपूट बाहेर फेकतो. बोलेरोला मागे जादा पाटा (लीफ स्प्रिंगची पट्टी) टाकून घेणाऱ्यांचंही तेच होतं. पाट्याने वजन पेलतं, पण मूळ शॉकअपला त्या कडक पाट्याची उसळी आवरत नाही.

स्प्रिंग बदलल्याने गाडीची क्षमता वाढत नाही, हे तर कुणी ऐकूनच घेत नाही. पाच दारांची जिमनी रिकामी साधारण १,२०० किलो, आणि तिचं कमाल एकूण वजन १,५४५. म्हणजे हातात जेमतेम साडेतीनशे किलो. सत्तर किलोची चार माणसं बसली की दोनशे ऐंशी संपले. उरलेल्या साठ-पासष्ट किलोंत बॅगा, टपावरचा लोखंडी कॅरिअर, वीस लिटरचा कॅन, तंबू आणि कंप्रेसर बसवून दाखवा. ब्रेक, अॅक्सल आणि चेसिस तेच आहेत. अशा वेळी महाग किटपेक्षा कॅरिअर घरी ठेवणं हा चांगला अपग्रेड आहे, आणि फुकटचा आहे.

तरीही उंची वाढवायचीच असेल तर

जिमनीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल आहेत, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच दांड्याला. पन्नास मिमी उचलली की पॅनहार्ड रॉडमुळे (अॅक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा) अॅक्सल एका बाजूला सरकतो आणि पुढचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग सरळ धरून ठेवणारा चाकाचा कल, कमी होतो. हायवेला स्टिअरिंग सैल, भरकटल्यासारखं वाटतं ते यामुळे. अॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड आणि कॅस्टर करेक्शन बुश त्याच खर्चात धरा. पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागली तर स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके आवरणारा छोटा शॉकअप) बदलून लक्षण झाकू नका. किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर वळतं ते), बुश आणि चाकांचं बॅलन्सिंग तपासा.

नव्या थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मवर सुटं. तिथे कॉइलओव्हरच्या (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडी) डोक्यावर एक इंचाचा स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकला की चाकाशी उंची जवळपास दुप्पट वाढते, कारण शॉकअप आर्मच्या मधोमध बसतो. त्याचबरोबर चाक खाली लोंबण्याची हद्दही पुढे सरकते. खड्ड्यात चाक सुटलं की ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट आणि वरचा बॉल जॉइंट शेवटच्या कोनाला जाऊन अडकतात. सीव्ही बूट (त्या शाफ्टच्या जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटून रिमच्या आत ग्रीस उडालेलं दिसतं ते याच कारणाने. स्पेसर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि मला तो सगळ्यात नावडता आहे.

कुठल्याही गाडीत ब्रेकच्या होजची आणि एबीएसच्या वायरची लांबी चाक पूर्ण लोंबकळत ठेवून पाहा. अलाइनमेंट करा, हेडलाइटचा झोत खाली घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल अडचणीत येऊ शकतात, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक भूमिका घेतली आहे. वॉरंटी आणि विम्याबद्दल काम करण्याआधीच लेखी विचारून घ्या.

फिटिंगमधली एक चूक, जी दिसत नाही

गाडी लिफ्टवर, चाकं हवेत, आणि फिटर आर्मचे सगळे बोल्ट कचकून आवळतोय. हे दिसलं तर तिथेच थांबवा. बुशमधलं (आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशिंगमधलं) रबर बोल्ट ज्या स्थितीत आवळला त्या स्थितीला धरून बसतं. गाडी खाली उतरवली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि खडीवर लवकर फाटतं. बोल्ट हाताने लावायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, दोनचार वेळा दाबून बसू द्यायची, आणि मग टॉर्क पान्याने शेवटचं आवळायचं. पाटे अॅक्सलला धरणाऱ्या यू-बोल्टला पाचशे ते हजार किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा. ते सैल राहिले की सेंटर बोल्ट तुटतो आणि अॅक्सल सरकतो.

हवा

तीसेक पीएसआयवर चालणारी गाडी खडीवर २४-२६ वर आणली की टायर दगडावर लवचीक होतो आणि शॉकअपचं अर्धं काम वाचतं. वेग ताशी चाळीसच्या आत ठेवा, पूर्ण भरलेल्या गाडीत हवा २४-२६ च्या खाली नेऊ नका, आणि डांबर लागलं की लगेच हवा भरा. मनालीत भरलेली हवा कुंझुमवर, साडेचार हजार मीटरला, तापमान तेच राहिलं तर गेजवर तीनेक पीएसआय जास्त दिसते, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. थंडी त्यातली थोडी परत घेते. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा.

वाटेत बिघडलं तर

खडीवर तासभर चालल्यावर थांबा आणि चारही शॉकअपजवळ हात न्या, लावू नका. तीन तापलेले आणि एक गार असेल तर तो गार मेलेला आहे. नळीवर धूळ चिकटलेला ओलसर थर चालतो. तेल ओघळून थेंब पडत असेल तर तो संपला. छोट्या दणक्याला खटखट येत असेल तर शॉकअपला दोष देण्याआधी लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारा छोटा दांडा) आणि शॉकअपचं वरचं माउंटिंग हलवून बघा, बहुतेक तेच निघतं.

गळका शॉकअप वाटेत काढून टाकू नका. कॉइल स्प्रिंगच्या पुष्कळ गाड्यांत चाक किती खाली लोंबेल हे शॉकअपच ठरवतो. तो नसेल तर मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. खालचं माउंटिंगच तुटलं असेल तर शॉकअप ब्रेकच्या होजपासून दूर तारेने बांधा, सामान दुसऱ्या गाडीत हलवा आणि ताशी पंधरा-वीसने पुढचं गाव गाठा.