इंग्रजीतला ‘रन’ दर वेळी धावत नाही : भाषांतर करताना या चुका टाळा

साडीच्या खोक्यात घालायची धुलाईची सूचना मराठीत करून देण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. मूळ इंग्रजी वाक्य तीनच शब्दांचे होते : ‘कलर्स मे रन’. सोबत आलेल्या कच्च्या मसुद्यात त्याचे मराठी ‘रंग धावू शकतात’ असे केलेले होते. मी ते खोडून ‘रंग जाऊ शकतो’ असे लिहिले आणि कागद बाजूला ठेवला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचताना तेही बरोबर नसल्याचे लक्षात आले. रंग जातो म्हणजे कापड फिके पडते. इंग्रजी वाक्याला सांगायचे होते ते हे, की रंग पाण्यात सुटतो आणि त्याच बादलीत भिजवलेल्या पांढऱ्या सदऱ्याला लागतो. शेवटी सूचना ‘या साडीचा रंग सुटतो, ती वेगळी धुवावी’ अशी छापली गेली. तीन अक्षरी इंग्रजी शब्दाला मराठीत एक अख्खे वाक्य लागले, आणि ते तसेच लागणार होते.

‘रन’ हा शब्द शाळेत पहिल्या वर्षीच शिकवला जातो आणि त्यापुढे ‘धावणे’ असे लिहून घेतले जाते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात मात्र या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदलेले आहेत, असे २०११ मध्ये जाहीर झाले. ती एकच नोंद नव्याने तयार करायला कोशकार पीटर गिलिव्हर यांना नऊ महिन्यांहून अधिक काळ लागला. त्याआधी १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता आणि त्याचे अर्थ होते ४३०. कारखाने, आगगाड्या आणि पुढे संगणक आले तसतसे ‘रन’चे अर्थ वाढत गेले, कारण यंत्र काम करते हे सांगायला इंग्रजीने हेच क्रियापद हाताशी धरले. मराठीने त्या जागी दुसरे क्रियापद वापरले. आपल्याकडे यंत्र चालते, गिरणी चालते, घड्याळ चालते, दुकानही चालते. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुतेक वेळा चालते, आणि भाषांतरातल्या निम्म्या चुका एवढे ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

कर्ता न पाहता अर्थ लावणे

सर्वांत मोठी चूक ही आहे, की भाषांतर करणारा क्रियापदाकडे पाहतो आणि कर्त्याकडे पाहत नाही. काय ‘रन’ होत आहे हे आधी पाहिले, तर मराठी क्रियापद बहुधा आपोआप समोर येते. नदी असेल तर ती वाहते, नाक असेल तर गळते, रस्ता असेल तर जातो, करार असेल तर अमुक तारखेपर्यंत लागू राहतो, अहवाल असेल तर चाळीस पानांचा असतो. या शेवटच्या वाक्यात तर मराठीला क्रियापद शोधावेच लागत नाही. ‘अहवाल चाळीस पानांपर्यंत धावतो’ असे लिहिणाऱ्याने ते उगाच शोधलेले असते. भूगोलाच्या भाषांतरित मजकुरात ‘सह्याद्रीची रांग किनाऱ्याला समांतर धावते’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे, की आता ते अनेकांच्या कानाला खटकतही नाही. सुमारे १६०० किलोमीटरची ही रांग मराठीत पसरलेली असते. डोंगराला धावायला लावण्याची आपल्याला काहीच गरज नाही.

आरोग्यविषयक पत्रकांत ही चूक अधिक काळजीची ठरते. ‘मूल टेंपरेचर रन करत असेल’ याचे मराठी ‘मुलाला ताप असेल’ एवढेच आहे. त्यात तापमानही येत नाही आणि चालवणेही येत नाही. ‘द रन्स’ म्हणजे जुलाब. ‘लेट इट रन इट्स कोर्स’ असे डॉक्टर सर्दीबद्दल म्हणतात, तेव्हा सर्दी आपले दिवस घेऊन बरी होईल, तिला वेगळे औषध नको, असा त्याचा अर्थ असतो. भाजल्यावर करायच्या प्रथमोपचाराची सूचनाही अशीच फसवी आहे : भाजलेला भाग थंड ‘रनिंग वॉटर’खाली २० मिनिटे धरावा. याचे ‘वाहत्या पाण्याखाली’ असे भाषांतर सर्रास होते. ते चूक नाही, पण ‘वाहते पाणी’ म्हटल्यावर मराठी माणसाला ओढा किंवा नदी आठवते, आणि स्वयंपाकघरात हात भाजलेल्या बाईने काय करायचे ते त्यातून चटकन कळत नाही. ‘नळ सोडून भाजलेला भाग थंड पाण्याच्या धारेखाली २० मिनिटे धरावा’ असे लिहिले, तर वाचणारी व्यक्ती वाक्य संपण्याआधी मोरीकडे वळलेली असेल. नळ ‘सोडणे’ हे आपले रोजचे क्रियापद आहे आणि ‘रन द टॅप’ याला त्याहून नेमका प्रतिशब्द नाही.

सगळीकडे ‘चालवणे’ घालणे

‘धावणे’ चुकते हे कळल्यावर पुष्कळ जण दुसऱ्या टोकाला जातात आणि जिथे तिथे ‘चालवणे’ बसवतात. संस्था चालवणे, खाणावळ चालवणे, शिकवणीवर्ग चालवणे हे सारे अस्सल मराठी आहे. परंतु चाचणी चालवत नाहीत, ती करतात किंवा घेतात. धोका चालवत नाहीत, पत्करतात. वृत्तपत्र बातमी चालवत नाही, छापते. वाहिनीच्या बाबतीत मात्र ‘बातमी चालवली’ हा प्रयोग पत्रकारांच्या बोलण्यात आता रुळला आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. सिग्नल ‘रन’ करणारा मराठीत सिग्नल तोडतो. कागदावरून नजर ‘रन’ करणारा ती फिरवतो, किंवा कागद डोळ्यांखालून घालतो.

निवडणुकीच्या बाबतीत देशाप्रमाणे शब्द बदलतो, हे विशेष सांगायला हवे. अमेरिकी उमेदवार अध्यक्षपदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो. मराठीतला उमेदवार निवडणुकीला उभा राहतो किंवा निवडणूक लढवतो. त्यामुळे अमेरिकेच्या बातमीत ‘अध्यक्षपदाच्या शर्यतीत धावत आहेत’ असे लिहिण्यापेक्षा ‘अध्यक्षपदाची निवडणूक लढवत आहेत’ हे सरळ आहे. तिथला ‘रनिंग मेट’ हा धावण्यातला जोडीदार नसून उपाध्यक्षपदाचा उमेदवार असतो. आणि ‘इन द रन-अप टु द इलेक्शन’ या लांबलचक रचनेला मराठीत आधीपासूनच ‘निवडणुकीच्या तोंडावर’ हा सुंदर शब्दप्रयोग तयार आहे.

न्यायालयाच्या भाषेतला ‘रन’

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण इथल्या चुकीची किंमत माणसाच्या आयुष्यातल्या वर्षांत मोजली जाते.

एकाच खटल्यात आरोपी दोन गुन्ह्यांत दोषी ठरला आणि त्याला एका गुन्ह्यासाठी सात व दुसऱ्यासाठी पाच वर्षांची शिक्षा झाली, असे समजू. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१ नुसार, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तर अशा शिक्षा एकीमागून एक भोगायच्या असत. म्हणजे एकूण बारा वर्षे. शिक्षा ‘शॅल रन कॉन्करंटली’ असे न्यायालयाने म्हटले, तर दोन्ही एकाच वेळी सुरू होतात आणि माणूस सात वर्षांत सुटतो. १ जुलै २०२४ पासून या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या इंग्रजी पाठातही शिक्षेसाठी ‘रन’ हेच क्रियापद आहे.

वृत्तपत्रांत याचे मराठी ‘दोन्ही शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत’ असे छापून येते. वकिलांना ते कळते. पण ‘एकत्रित’ हा शब्द आपण बेरजेसाठीही वापरतो : एकत्रित उत्पन्न, एकत्रित गुण. त्यामुळे कोर्टाच्या आवाराबाहेर बातमी वाचणारा कैद्याचा भाऊ किंवा आई सात आणि पाच यांची बेरीज करून मोकळी होते, म्हणजे नेमका उलटा अर्थ घेते. एका ओळखीच्या कुटुंबाला हे समजावून सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला आहे, आणि तेव्हापासून मी ‘दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या आहेत’ असेच लिहितो. ‘कॉन्सेक्युटिव्हली’ असेल तेव्हा ‘एक शिक्षा संपल्यावर दुसरी’ असे स्पष्ट लिहावे. चार शब्द जास्त गेले तरी चालतील.

असेच दुसरे वाक्य १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ९ मधले आहे. ‘टाइम हॅज बिगन टु रन’, म्हणजे दावा दाखल करण्याची मुदत सुरू झाली, आणि ती एकदा सुरू झाल्यावर पुढे आलेल्या असमर्थतेमुळे थांबत नाही. ‘वेळ धावू लागला’ असे भाषांतर केले, तर मराठी वाचकाला दिवस भराभर जात असल्याचे वाटेल. कायद्याला मात्र कोणत्या दिवसापासून मोजायचे एवढेच सांगायचे आहे.

मागचा-पुढचा छोटा शब्द गाळणे

‘रन अ बँक’ म्हणजे बँक चालवणे आणि ‘रन ऑन अ बँक’ म्हणजे पैसे बुडतील या भीतीने ठेवीदारांची उडालेली झुंबड. सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर ज्या रांगा लागल्या, त्याला ‘रन’ म्हणतात. मधला ‘ऑन’ नजरेतून निसटला, तर बुडायला आलेली बँक सुरळीत चालू लागते. म्हणून क्रियापदाशी जोडून आलेला शब्द सुटा वाचू नये.

अशा जोड्यांमध्येही पुन्हा कर्ता पाहावाच लागतो. दूध ‘रन आउट’ झाले तर घरातले दूध संपले, फलंदाज झाला तर तो धावबाद झाला, भाडेकरार झाला तर त्याची मुदत संपली. बैठक ‘रन ओव्हर’ झाली तर ती लांबली, कुत्रे झाले तर ते गाडीखाली आले, भांडे झाले तर त्यातले पाणी ओसंडले. बॅटरी ‘रन डाउन’ होते म्हणजे उतरते. वाडा तसा असेल तर तो मोडकळीला आलेला असतो आणि माणूस तसा असेल तर थकलेला. कोणी कुणाशी ‘रन इंटू’ झाले तर अचानक गाठ पडली. भिंतीच्या बाबतीत मात्र ती धडक असते. ‘रन-इन’ म्हणजे खटका उडणे. ‘ड्राय रन’ला ‘कोरडी धाव’ म्हणणारे मजकूर मी वाचले आहेत; आपल्याकडे रंगीत तालीम हा शब्द नाटकाच्या पडद्यामागून आलेला आहे आणि लसीकरणापासून मतमोजणीपर्यंत कुठेही तो शोभतो.

‘धावणे’ टाळण्याचा अतिरेक

इतके सगळे वाचल्यावर ‘धावणे’ हा शब्दच वर्ज्य समजू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली, असेच आपण म्हणतो, आणि लोकल आजही उशिराने धावतात. विमानाची धावपट्टी असते. आकाशवाणीवर क्रिकेटचे धावते समालोचन ऐकत आमच्या आधीची पिढी वाढली. चौकार गेल्यावर फलंदाज जागेवर उभा असतो, तरी त्याच्या खात्यात चार धावाच जमा होतात. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध काढलेल्या नाबाद ४४३ धावांतल्या कितीतरी धावांसाठी त्यांना पाऊलही उचलावे लागले नसेल. शिवणकामात ‘रनिंग स्टिच’ला धावदोरा म्हणतात, आणि हा शब्द कोणत्याही परिभाषा समितीने नाही, गोधड्या शिवणाऱ्या बायकांनी जिवंत ठेवला आहे. जिथे मराठीत धाव आधीच रुळलेली आहे, तिथे ती काढून ‘चाल’ घालणे हीदेखील चूकच आहे.

संगणकावर प्रोग्राम ‘रन करणे’ हा प्रयोग आता सर्वांच्या तोंडी आहे आणि तिथे तो तसाच ठेवावा, असे माझे मत आहे. मात्र तोच प्रयोग ‘मोहीम रन केली’, ‘योजना रन होत आहे’ असा कार्यालयीन मराठीत पसरत आहे, तो थांबवायला हवा. मोहीम राबवतात आणि योजना चालू असते.

मराठीतून इंग्रजीत जाताना

उलट दिशेने जाताना ‘चालणे’ म्हटले की मुलांच्या मनात ‘वॉक’ येते. दुकान चांगले ‘वॉक’ होत नाही, ते ‘रन’ होते. परवानगीचे ‘चालेल’ मात्र या दोन्हींपैकी कशानेच सांगता येत नाही; तिथे ‘दॅट्स फाइन’ म्हणावे. आणि क्रियापदाच्या रूपांकडेही लक्ष हवे : भूतकाळ ‘रॅन’, पण ‘हॅज’ किंवा ‘हॅव’नंतर पुन्हा ‘रन’च. ‘ही हॅज रॅन’ हे नोकरीच्या अर्जांत वारंवार दिसते. ‘आय हॅव रन अ शॉप फॉर टेन इयर्स’ असे बरोबर लिहिणाऱ्या अर्जदाराने आपले दहा वर्षांचे दुकान एका वाक्यात नीट उभे केलेले असते.