शिडाच्या छोट्या होडीसाठी सुरक्षा साहित्य घेताना या चुका टाळा

हर्णै, जयगड, विजयदुर्ग किंवा मालवणच्या बंदरातून पाच-सहा मीटरांची शिडाची होडी बाहेर काढणारे लोक सुरक्षा साहित्याच्या बाबतीत साधारणपणे दोन टोकांना आढळतात. काही जण परदेशी यादी समोर ठेवून खरेदी करतात आणि निम्मी रक्कम एकाच उपकरणावर संपवून बसतात. काही जण मुंबईचा दारूखाना किंवा गुजरातमधले अलंग अशा जहाजे तोडण्याच्या ठिकाणांहून आलेला जुना जहाजी माल स्वस्त मिळाला म्हणून उचलतात. दोन्हीकडे खर्चाचा क्रम अपघाताच्या क्रमाशी जुळत नाही. आपल्याकडे समुद्राचे पाणी उबदार असते, त्यामुळे थंडीने काही मिनिटांत गारठण्याचा धोका फारसा नाही. येथे आधी माणूस पाण्यात पडतो, मग होडी वाऱ्याबरोबर वाहत जाते आणि त्यानंतर शोधणाऱ्यांना ती दिसत नाही. पैसे मोजके असतील, तर ते याच क्रमाने खर्च करावेत.

लाइफ जॅकेट: आकडा न वाचता घेणे

जॅकेटवर ५०, १०० किंवा १५० असा न्यूटनचा, म्हणजे जॅकेटची उचलून धरण्याची ताकद सांगणारा, आकडा छापलेला असतो आणि दुकानात सर्वांत कमी लक्ष त्याकडेच जाते. ५० न्यूटनचे जॅकेट ज्याला पोहता येते आणि ज्याच्या आसपास मदत आहे, अशा माणसासाठी असते. बेशुद्ध माणसाचे तोंड ते वर ठेवीलच असे नाही. १०० न्यूटनचे जॅकेट शांत पाण्यात ते काम करू शकते, तर १५० न्यूटनचे जॅकेट खुल्या समुद्रासाठी असते. खाडीबाहेर जाणाऱ्या होडीत, विशेषतः पाहुणे व मुले बसणार असतील तर, १०० न्यूटनचे फोमचे जॅकेट हा खिशाला परवडणारा सर्वांत भरवशाचा पर्याय आहे, असे माझे मत आहे. मुलांसाठी वयानुसार नव्हे, तर वजनानुसार माप घ्यावे आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे ना, ते पाहावे. तो नसेल तर जॅकेट वर तरंगते आणि मूल त्यातून खाली निसटते.

आपोआप फुगणाऱ्या जॅकेटचे आकर्षण मोठे आहे, कारण एप्रिलच्या उकाड्यात ते अंगावर जाणवत नाही. मात्र त्यातील अनेक प्रकारांत पाण्यात विरघळणारी गोळी असते आणि कोकणातल्या दमट हवेत ती हळूहळू मऊ पडून जॅकेट खुंटीवर टांगलेल्या जागीच फुगल्याची उदाहरणे आहेत. प्रत्येक वेळी नवी गोळी आणि नवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यावा लागतो; तो खर्च खरेदीच्या दिवशी कोणी हिशेबात धरत नाही. असे जॅकेट आधीच घरात असेल, तर सिलिंडर काढून डिजिटल काट्यावर तोलावा. त्यावर कोरलेल्या पूर्ण वजनापेक्षा कमी भरल्यास तो बदलावा.

जुने जहाजी जॅकेट वाईट नसते. अडचण अशी की ते अवजड असते, शिडाचे दोर ओढताना आड येते आणि त्यामुळे फळीखाली पडून राहते. वर्षानुवर्षे त्यावर बसल्याने आतला फोम चेपलेलाही असतो. त्याची परीक्षा घरच्या हौदात करता येते. १०० न्यूटन म्हणजे सुमारे दहा किलोंचा भार. लोखंडाचे वजन पाण्यात साधारण एक अष्टमांशाने कमी भरते, म्हणून मोठ्या माणसाच्या जॅकेटला साडेअकरा किलोंची लोखंडी वजने बांधून ते रात्रभर पाण्यात सोडावे. सकाळी तळाशी गेलेले आढळले, तर ते कितीही स्वस्तात मिळालेले असो, उपयोगाचे नाही.

होडी बुडणार नाही, हे गृहीत धरणे

फायबरच्या बऱ्याच छोट्या होड्यांत हवेचे बंद कप्पे असतात. त्यांच्या झाकणांचे रबर वाळून चिरलेले असते, हे होडी कलंडल्यावरच कळते. लाकडी होडीत वजनासाठी दगड किंवा वाळूच्या गोण्या ठेवल्या असतील, तर पाणी भरल्यावर ती सरळ खाली जाते. यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. घट्ट झाकणाचे रिकामे प्लास्टिक कॅन फळ्यांखाली पक्के बांधावेत; पाण्याखाली गेलेला वीस लिटरचा कॅन जवळपास वीस किलो भार उचलतो. थर्मोकोल कोंबणे टाळावे, कारण पेट्रोल लागताच ते विरघळते. हे झाल्यावर ओहोटीच्या वेळी खाडीतल्या कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम पाण्याने भरावी आणि ती तरंगते का, तरंगल्यास कोणत्या बाजूला झुकते, ते पाहावे.

ट्रकची ट्यूब जीवरक्षक कडे म्हणून वापरणे ही येथील जुनी सवय आहे. ओली ट्यूब हातातून निसटते आणि कालवांच्या धारेवर फाटते. साधे कडे घ्यावे आणि त्याला वीस-पंचवीस मीटर तरंगणारा दोर बांधावा. दोराशिवाय कडे फेकले तर शिडाची होडी वळवून परत येईपर्यंत माणूस आणि कडे दोन्ही दूर गेलेले असतात.

नांगराला सुरक्षा साहित्यात न मोजणे

ही चूक मला सर्वांत महागाची वाटते. हिवाळ्यात व उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर वायव्येकडून समुद्रावरचा वारा जोर धरतो. डोलकाठी किंवा सुकाणू सकाळी मोडले, तर होडी खोल समुद्राकडे जाते. दुपारी मोडले, तर कातळाकडे. दोन्ही प्रसंगी तिला जागच्या जागी धरून ठेवणारी वस्तू नांगर हीच आहे, आणि आपला किनारा बऱ्यापैकी दूरपर्यंत उथळ असल्यामुळे तो तळाला पोहोचतोही. तरीही अनेक होड्यांत पंधरा मीटर दोर आणि टोकाला एक दगड एवढीच सोय असते.

दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या किमान पाच पट असावी, म्हणजे दहा मीटर पाण्यात पन्नास मीटर. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाला पाण्याचा चढ-उतार चार मीटरांच्याही वर जातो. तोही हिशेबात धरावा. बाजारात सहज मिळणारा हिरवा-निळा पॉलीप्रॉपिलीनचा दोर तरंगतो, त्यामुळे तो जीवरक्षक कड्याला उत्तम आणि नांगराला अयोग्य. नांगराला ताण सोसणारा नायलॉनचा दोर आणि त्यापुढे दोन-तीन मीटर साखळी लावावी. दोराचे दुसरे टोक होडीला बांधलेले आहे ना, हेही पाहून ठेवावे. घाईत संपूर्ण दोर नांगरासह समुद्रात गेल्याचे प्रकार होतात.

दिसण्याची सोय

जुन्या जहाजांतून निघालेले फ्लेअर, म्हणजे मदतीसाठी पेटवायचे प्रकाशाचे किंवा धुराचे संकेत, घेऊ नयेत. फ्लेअरची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि मुदत उलटलेला फ्लेअर पेटेलच असे नाही, शिवाय तो हातात फुटण्याचीही भीती असते. पैसे कमी असतील, तर रात्रीसाठी लाल हातफ्लेअरची जोडी आणि दिवसासाठी नारिंगी धुराचा एक डबा पुरेसा आहे. हातफ्लेअर साधारण एक मिनिट जळतो. पॅराशूटचा फ्लेअर सुमारे तीनशे मीटर उंच जातो, पण चाळीस सेकंदांत विझतो. म्हणून बोट, विमान किंवा किनाऱ्यावरील माणूस दिसल्याशिवाय किंवा त्यांचा आवाज ऐकू आल्याशिवाय फ्लेअर पेटवू नये, आणि पेटवताना हात वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला होडीबाहेर धरावा. मुदत संपलेला फ्लेअर तपासणी म्हणून किनाऱ्यावर उडवू नये. खोट्या हाकेने बचावाची खरी बोट निघते.

कोकणात घरोघरी असणारी निळी ताडपत्री होडीतही येते, आणि समुद्राच्या पार्श्वभूमीवर ती जवळपास अदृश्य असते. तेवढ्याच पैशांत नारिंगी ताडपत्री घ्यावी. एक आरसा आणि प्रत्येक जॅकेटला बांधलेली शिटी यांचा खर्च नगण्य आहे.

हाक कशी पोहोचवायची

परदेशी लेखांत उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र आवर्जून सुचवलेले असते. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असे यंत्र बाळगणे बेकायदेशीर आहे आणि ते नेणाऱ्या पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. जुन्या बाजारातील फक्त १२१.५ मेगाहर्ट्झचा बीकनही, म्हणजे संकटाचा रेडिओ संकेत सोडणारे यंत्रही, घेऊ नये. १ फेब्रुवारी २००९पासून उपग्रह तो संकेत टिपत नाहीत, ते ४०६ मेगाहर्ट्झचा टिपतात. मासेमारी होड्यांसाठी इस्रोने विकसित केलेले डॅट (डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर) हे उपग्रहावरून संकटाची हाक पाठवणारे यंत्र आहे आणि जानेवारी २०२४मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत हाक पोहोचल्याची पोच परत मिळते. हातातला व्हीएचएफ रेडिओ सेट परवाना काढून घेता आला, तर मोबाइलपेक्षा अधिक उपयोगी ठरतो, कारण संकटाच्या हाकेसाठीच्या चॅनल १६वरची हाक आसपासच्या सर्व बोटींना एकदम ऐकू जाते. मात्र बसक्या होडीतून त्याचा पल्ला थोड्याच सागरी मैलांचा असतो.

राहिला मोबाइल. तो जलरोधक पिशवीत, गळ्यात असावा. पिशवीत आधी टिश्यू पेपर घालून ती बादलीत बुडवून पाहावी. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत. ठिकाण सांगताना एक गफलत हमखास होते. फोन अक्षांश १७.२५ अंश दाखवतो, म्हणजे १७ अंश १५ मिनिटे. घाईत ते ‘सतरा अंश पंचवीस’ असे सांगितले जाते. हा फरक दहा सागरी मैलांचा, म्हणजे साडेअठरा किलोमीटरांचा आहे आणि जयगडच्या किंचित दक्षिणेला असलेल्या होडीचा शोध वेळणेश्वरजवळ सुरू होऊ शकतो. म्हणून ‘सतरा दशांश दोन पाच’ असे म्हणावे आणि सोबत जवळच्या टोकाचे किंवा दीपगृहाचे नाव सांगावे.

पावसाळ्यात ठेवण

जून ते नारळी पौर्णिमा हे साहित्य बहुधा पडवीत ओल्या जाळ्यांखाली असते आणि तिथेच ते निकामी होते. जॅकेट गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून टांगावे. फ्लेअर कोरड्या, झाकणाच्या डब्यात चुलीपासून दूर ठेवावेत. टॉर्चमधले सेल काढावेत, चाकूला तेल लावावे, आणि प्रत्येक मुदतीची तारीख डब्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहावी, म्हणजे नव्या हंगामात होडी पाण्यात ढकलण्याआधी कोणती वस्तू बदलायची, ते डबा न उघडता कळेल.