क्लाऊड बॅकअपमधले सर्च रिझल्ट पायथनमध्ये नीट कसे मांडायचे

ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस बॅकअप या क्लाऊड बॅकअप सेवेत डिसेंबर 2024 पासून बॅकअपच्या आतल्या फाईली शोधायचं सर्च आलंय. त्याआधी कोणी मार्चच्या हिशोबाची एक्सेल फाईल उडवली की ती नक्की कुठल्या तारखेच्या बॅकअपमध्ये सापडेल याचा अंदाज बांधायचा, तो बॅकअप रिस्टोर करून बघायचा, नाही मिळाली तर पुढचा, असं चालायचं. आता फाईलचं नाव, साईज, तारीख देऊन शोधता येतं, फक्त दोनच प्रकारात बरं का: ईबीएस म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या डिस्कचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती), आणि एसथ्री या फाईली साठवायच्या सेवेतल्या बकेटचे, म्हणजे साठ्यांचे, बॅकअप.

कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरमधल्या एडब्ल्यूएसच्या स्क्रीनवर, हात मारून शोधायचं असेल तर हा लेख सोडून द्या. पण टीमसाठी छोटं टूल किंवा लायब्ररी लिहायची असेल तर बोटोथ्री (पायथनमधून एडब्ल्यूएसशी बोलायची लायब्ररी) तुम्हाला जे हातात देतं ती साधी डिक्शनरी असते, आणि ती तशीच कोडभर फिरवली की कुठेतरी कीचं स्पेलिंग चुकतं, कुठेतरी तारखेचा घोळ होतो, मग रात्री फोन येतात. म्हणून एकदाच नीट क्लास बनवून टाकायचे. थोडंफार पायथन येतं एवढं धरून चाललोय.

पायरी 1: इंडेक्स आहे का ते बघा

बॅकअप घेतला म्हणजे तो सर्चमध्ये दिसेलच असं नाही. त्याचा इंडेक्स, म्हणजे आतल्या फाईलींची शोधता येणारी सूची, बनवायला लागतो, बॅकअप प्लॅनमध्ये तसं सांगायचं किंवा जुन्या बॅकअपवर वेगळा चालू करायचा, आणि इंडेक्सचं स्टेटस ॲक्टिव्ह झालं की मगच तो बॅकअप शोधात येतो. त्यामुळे "शून्य रिझल्ट" आला तर त्याचे दोन अर्थ होतात, फाईल खरंच नाही किंवा तो बॅकअप बघितलाच नाही. आपल्या लायब्ररीने नुसती रिकामी लिस्ट परत देऊ नये. सर्च जॉबमध्ये (सर्व्हिस चालवते त्या एका शोधात) कुठकुठले बॅकअप बघितले याची यादी देणारा वेगळा कॉल आहे, ती यादी रिझल्टसोबतच एका ऑब्जेक्टमध्ये ठेवा.

पायरी 2: रेकॉर्ड म्हणजे काय ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त डोकं इथे लावायचं. सर्च रिझल्टमधलं एक रेकॉर्ड म्हणजे फाईल नाही, "अमुक बॅकअपमध्ये असलेली ती फाईल". रोज बॅकअप होत असेल तर एकच हिशोबाची फाईल तीस बॅकअपमधून तीस वेळा येणार, आणि मग लोक काय करतात, रिझल्ट जास्त दिसतायत म्हणून पाथवरून डुप्लिकेट काढून टाकतात. अहो, ज्या दिवशी फाईल बिघडली त्याच्या आदल्या दिवशीची कॉपी हवी म्हणून तर शोधताय ना, तीच नेमकी फेकून द्याल.

म्हणून ओळख अशी धरा. एसथ्रीसाठी बॅकअपचा एआरएन (एडब्ल्यूएसमधल्या प्रत्येक गोष्टीचं एकमेव नाव), सोर्स बकेटचा एआरएन, ऑब्जेक्टची की (एसथ्रीत फाईलला ऑब्जेक्ट म्हणतात, तिच्या पूर्ण नावाला की) आणि व्हर्जन आयडी. एसथ्रीचा बॅकअप घ्यायला बकेटवर व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपून ठेवणं, चालू असावंच लागतं, त्यामुळे एका कीच्या अनेक व्हर्जन येणं नॉर्मल आहे. ईबीएससाठी बॅकअपचा एआरएन, फाईल सिस्टिम आयडेंटिफायर (डिस्कवरची कुठली फाईल सिस्टिम ते सांगणारी खूण) आणि पाथ. हा मधला आयडेंटिफायर गाळू नका, एका डिस्कवर दोन पार्टिशन असली तर दोन्हीकडे एकाच पाथची फाईल असू शकते.

पायरी 3: दोन वेगळे क्लास

सर्व्हिस प्रत्येक रिझल्ट एका डब्यात घालून देते, डब्यावर एसथ्री नाहीतर ईबीएस असं लेबल. एकच मोठा क्लास करून निम्मी फील्ड रिकामी ठेवायचा मोह होतो, तो टाळा. दोन डेटाक्लास (नुसती फील्ड ठेवायला पायथनमध्ये असलेला क्लासचा प्रकार) करा, दोन्ही फ्रोझन, म्हणजे एकदा बनले की कोणी त्यात खाडाखोड करू शकत नाही. वर ठरवलेली ओळखीची फील्ड सोडून बाकीच्यांना कंपेअर फॉल्स लावा, म्हणजे ती तुलनेत धरली जात नाहीत, मग बरोबरीची तपासणी आणि हॅश दोन्ही फक्त ओळखीवर चालतात, सेटमध्ये टाकले तरी गडबड नाही.

उद्या तिसरा प्रकार आला तर? बोटोथ्री ओळखीचा नसलेला डबा आला की त्यावर एसडीके अननोन मेंबर असं लेबल लावून देतं. ते गुपचूप गिळू नका, "अनोळखी रिझल्ट" नावाचा तिसरा छोटा क्लास ठेवा आणि लॉगमध्ये लिहा.

साईज बाइटमध्ये पूर्णांक म्हणूनच ठेवायची, एमबी वगैरे स्क्रीनवर दाखवताना.

पायरी 4: नाव जसंच्या तसं, शोधायला वेगळी प्रत

एसथ्रीत फोल्डर नसतात, स्लॅश हा कीमधला एक अक्षर. त्यामुळे ऑब्जेक्टची की पाथलिब या पायथन मॉड्यूलच्या पाथ ऑब्जेक्टमध्ये घालू नका, तो दोन स्लॅश लागोपाठ आले तर एक करून टाकतो आणि मग त्या नावाने रिस्टोर मागितलं की ऑब्जेक्ट सापडत नाही. साधी स्ट्रिंग ठेवा.

मराठी नावाच्या फाईली असतील तर अजून एक भानगड. "दऱ्या" मधला तो अर्धा ऱ तीन प्रकारे टाइप झालेला असतो: ऱ हे सरळ एकच कॅरेक्टर आणि हलन्त, किंवा र अधिक नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडणारं कॅरेक्टर). स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे, आणि एसथ्री बाइटच बघतं. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) पहिले दोन एक करून देतं, तिसऱ्याला हात लावत नाही, त्यासाठी एक बदली स्वतः लिहायला लागते. हे सगळं शोधायच्या वेगळ्या फील्डवर करा. मूळ नाव अजिबात बदलायचं नाही, रिस्टोरला तेच लागतं.

पायरी 5: वेळ

रिझल्टमधली तारीख त्या फाईलची किंवा ऑब्जेक्टची असते, बॅकअप कधी घेतला ते त्यात नसतं, ते पायरी 1 मधल्या बॅकअपच्या यादीत मिळतं. एआरएनवरून दोन्ही जोडा आणि फील्डची नावंही स्पष्ट द्या, "फाईल बनली", "फाईल बदलली", "बॅकअप घेतला". सगळं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, ठेवा. आपला पहाटे 2 चा बॅकअप यूटीसीत आदल्या दिवशीच्या रात्री 8:30 ला पडतो, तेव्हा "5 तारखेचा बॅकअप" असं युजरने मागितलं की आधी भारतीय वेळेतून बदलून मगच फिल्टर लावायचा.

पायरी 6: पानं आणि स्टेटस

जॉब चालू असतानाही रिझल्ट मागता येतात, आणि ते पानापानाने येतात, सोबत पुढचं पान मागायला लागणारं टोकन. जनरेटर फंक्शन लिहा, टोकन संपेपर्यंत एकेक रेकॉर्ड देत राहील. पण जॉबचं स्टेटस कम्प्लिटेड झालेलं नसेल तर आलेली यादी अर्धवट आहे हे रिझल्टच्या ऑब्जेक्टवर दिसलं पाहिजे, स्टॉप्ड आणि फेल्ड वेगवेगळे ठेवून. रिझल्ट 7 दिवसच राहतात, म्हणून ऑडिटसाठी हवे असतील तर लगेच जेसनमध्ये उतरवा, तारखा आयएसओ स्ट्रिंग करून.

टेस्टला खऱ्या अकाउंटची गरज नाही. हाताने डिक्शनरी बनवा: एकच पाथ दोन बॅकअपमध्ये, एकच की दोन व्हर्जनमध्ये, दोन स्लॅशवाली की, तिन्ही प्रकारचे "दऱ्या" आणि एक अनोळखी डबा. एकही रेकॉर्ड न हरवता सगळे बाहेर आले, आणि जेसनमधून परत वाचल्यावर मूळ नावं बाइट-टू-बाइट तीच निघाली, की लायब्ररी टीमला द्यायला हरकत नाही.