रशियन खेड्याचं चित्र बघताना आधी आकाश मोजा

चर्च म्हणजे श्रद्धा, बर्चचं झाड म्हणजे रशिया, वाट म्हणजे आयुष्य. असली यादी पाठ करून रशियन निसर्गचित्रं बघायला बसू नका. आधी भाव पकडायचा, आणि तो बहुतेक वेळा आकाशात सापडतो.

इसाक लेवितानचं ‘चिरशांतीच्या वर’ (१८९४) समोर घ्या. जमिनीचा तुकडा खाली एका बाजूला. बाकी बहुतेक सगळं पाणी आणि ढग. आता तळहाताने ढग झाका. उरतं ते लाकडी चर्च, कललेले क्रूस आणि वाऱ्याने वाकलेली झाडं, म्हणजे गावाबाहेरची एक साधी दफनभूमी. हात काढा, तीच जागा एकदम इवलीशी होते. चर्चच्या खिडकीत उजेडाचा एक ठिपका आहे, तो यानंतर शोधा. आधीच सापडला तर तो नुसता ‘आशेचा किरण’ होऊन बसतो, आणि या दोन शब्दांचा मला मनापासून कंटाळा आहे.

मग विचारायचं, की त्या काळच्या बघणाऱ्याला काय ठाऊक होतं? लेवितानच्याच ‘व्लादिमिर्का’मध्ये (१८९२) राखाडी आभाळाखाली एक कच्चा रस्ता सरळ क्षितिजाकडे जातो. बेड्या घातलेल्या कैद्यांना सायबेरियाकडे पायी नेत, तो हा रस्ता. चित्रात कैदी एकही नाही. बोचकं घेतलेली एक यात्रेकरू बाई आहे, दूरवर एक पांढरं चर्च आहे, आणि रस्त्याच्या कडेकडेने पावलांनी झिजलेल्या पायवाटा आहेत. नजर त्या पायवाटांवर ठेवा. त्या कुणी पाडल्या हे रशियन माणसाला सांगावं लागत नव्हतं.

ऋतू बघताना अधलेमधले दिवस हेरा. लेवितानचे गुरू अलेक्सेई सव्रासोव यांच्या ‘रूक परतले’मध्ये (१८७१) मळकं बर्फ, वितळलेल्या पाण्याचं डबकं, वेडेवाकडे बर्च आणि चोचीत काटकी धरलेला, कावळ्याच्या कुळातला एक रूक पक्षी आहे. एकही हिरवं पान न रंगवता वसंत आलाय.

चरित्रातून अर्थ काढताना मात्र हात आखडता घ्या. इवान शिश्किनच्या ‘राय’मध्ये (१८७८) राय या धान्याच्या पिकलेल्या शेतात एक वाळलेलं झाड उभं आहे. त्याची पत्नी १८७४ मध्ये गेली, म्हणून ते झाड म्हणजे त्याचं दुःख, असं सांगणारे भेटतील. असेलही. पण आधी ते झाड झाकून बघा. त्याच्याशिवाय ते सोनेरी पीक फार गोड वाटायला लागतं.

आणि मापं वाचल्याशिवाय मत बनवू नका. ही चारही चित्रं मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहेत. सव्रासोवचं जेमतेम ६२ सेंटिमीटर उंच, तर ‘चिरशांतीच्या वर’ दोन मीटरहून रुंद. मोबाइलवर दोन्ही सारखीच दिसतात.