दोन नावं, यादी एकच: पायथॉनमधला हा घोळ कसा ओळखावा आणि टाळावा

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत कधी कधी एक यादी (लिस्ट) बदलली की दुसरीही बदलते, आणि पायथॉन एररसुद्धा दाखवत नाही. नवशिके इथे तासन्‌तास अडकतात. तेव्हा स्वतः टाइप करून बघाच. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं. रिमूव्ह, प्रिंट, कॉपी असे पायथॉनचे स्वतःचे शब्द मात्र इंग्रजी अक्षरांतच लिहायचे.

आधी पश्चिम रेल्वेची स्टेशनं घ्या:

धीमी = ["चर्चगेट", "मरीन लाइन्स", "चर्नी रोड", "ग्रँट रोड", "मुंबई सेंट्रल"]
जलद = धीमी

जलद गाडी मरीन लाइन्सला थांबत नाही, म्हणून 'जलद'वर रिमूव्ह चालवून ते स्टेशन काढा. आता 'धीमी' प्रिंट करा. मरीन लाइन्स तिथूनही गेलेलं दिसेल.

कारण '=' या चिन्हाने यादीची प्रत निघतच नाही. मेमरीत यादी एकच आहे. एका खोलीच्या दारावर दोन पाट्या लावाव्यात तशी तिला दोन नावं लागली. खात्री करायला दोन्ही नावांचा आयडी, म्हणजे वस्तूची ओळख सांगणारा आकडा, प्रिंट करा, आकडा एकच येईल. == वापरून हे कळत नाही, ते फक्त आतला मजकूर सारखा आहे का एवढंच बघतं. वस्तू तीच आहे का, हे 'इज' सांगतं.

उपाय सोपा. 'धीमी' पुन्हा पूर्ण भरा आणि मग लिहा:

जलद = धीमी[:]

यामुळे यादीची वेगळी प्रत निघते. कॉपी मेथडनेही हेच होतं. आता 'जलद'मधून हवं ते काढा, 'धीमी'ला धक्का लागणार नाही. पण यादीच्या पोटात आणखी याद्या असतील, तर त्या आतल्या याद्या सामाईकच राहतात. तिथे कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी लागतं.

खरी मेख पुढे आहे. ही दोन वाक्यं नीट बघा:

जलद += ["दादर"]
जलद = जलद + ["दादर"]

पहिलं वाक्य आहे त्याच यादीत दादर घालतं, त्यामुळे ती यादी ज्या ज्या नावांना लागली आहे तिथे सगळीकडे दादर दिसतं. दुसरं नवी यादी बनवून 'जलद' हे नाव तिला लावतं. जुनी यादी होती तशीच राहते. माझ्या मते एवढा एक फरक पक्का झाला की निम्मी डोकेदुखी संपते. आकडे आणि स्ट्रिंग (म्हणजे अवतरणातला मजकूर) जागच्या जागी बदलताच येत नाहीत, त्यामुळे त्यांची काळजी नको.

फंक्शनला यादी दिली तरी मूळ यादीच आत जाते. आत सॉर्ट मेथड चालवली, तर बाहेरच्या स्टेशनांचा क्रमही बिघडतो. त्याऐवजी सॉर्टेड वापरा, ते नवी यादी देतं.