चिपसेटचा फॅन बदलल्यावर पीसी बंद पडत असेल तर

मदरबोर्डवरच्या चिपसेटचा (एसएसडी, यूएसबी वगैरेची ये-जा सांभाळणाऱ्या चिपचा) छोटा फॅन किंवा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) बदलला आणि त्यानंतर पीसी हँग व्हायला लागला, की बहुतेक लोक आधी विंडोज नव्याने टाकतात. कृपा करून ते करू नका. काल नीट चालणारं मशीन आज स्क्रू फिरवल्यावर बिघडलं, तर बिघाड स्क्रू फिरवला त्याच्या आसपासच शोधायचा.

माझं दुरुस्तीचं दुकान अकोल्यात आहे. माझ्याकडे असे येतात ते बहुतेक एक्स570 चिपसेटचे बोर्ड. एएमडीने 2019 मध्ये पीसीआयई 4.0 (पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्ड आणि एसएसडी जोडायचा वेगवान मार्ग) आणलं ते याच चिपसेटवर. चिपसेट गरम चालतो म्हणून जवळपास प्रत्येक बोर्डावर त्याला छोटा फॅन दिला होता. काही वर्षांत त्याचं बेअरिंग घरघरायला लागतं. मग कुणी ऑनलाइन मिळणारा फॅन बसवतो, कुणी फॅन काढून नुसता हीटसिंक लावतो, आणि मशीन माझ्या टेबलावर येतं.

मी पहिला प्रश्न एकच विचारते: नेमकं काय करताना बंद पडतो? लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका मुलाने सांगितलं, "ताई, एक्स्पोर्ट नीट होतं, पण कॅमेऱ्याची कार्डं कॉपी करायला लावली की माउस थिजतो." एवढ्यावरून अर्धं निदान झालं. या बोर्डांवर पहिला एम.2 स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसते ती खाच) आणि ग्राफिक कार्ड थेट प्रोसेसरला जोडलेले असतात. दुसरा एम.2 स्लॉट, साटा पोर्ट (केबलने जोडायच्या डिस्कचे) आणि बरेचसे यूएसबी पोर्ट चिपसेटमधून जातात. त्यामुळे चिपसेट तापला तर माउस-कीबोर्ड मरतो, दुसरी एसएसडी गायब होते, स्क्रीन जागच्या जागी गोठते. पीसीची पॉवरच एकदम गेली तर मी आधी प्रोसेसरचा कूलर, त्याच्याजवळच्या व्हीआरएमवरचा (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावरचा) हीटसिंक आणि एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बघते.

विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडून कर्नल-पॉवर 41 दिसलं की लोक घाबरतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद झालं नाही. कारण सांगत नाही. त्यापेक्षा त्याच वेळेच्या डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याच्या) नोंदी बघा. तिथे पीसीआय एक्सप्रेसच्या चुकांची रांग लागली असेल, तर एसएसडी किंवा कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही किंवा चिपसेट तापतोय, यांपैकी एक धरून चाला.

आता बिनखर्चाची चाचणी. कॅबिनेटची बाजूची पत्री काढा, घरातला टेबल फॅन आत तोंड करून पूर्ण वेगात लावा आणि ज्या कामाला पीसी बंद पडतो तेच काम पुन्हा करा. हवेचा कूलर मात्र लावू नका, त्यातून ओल येते. टेबल फॅनसमोर मशीन टिकलं तर दोष उष्णतेचा. तरीही पडलं तर जोडणी तपासा. हे दोन रस्ते वेगळे झाले की पुढची धावपळ वाचते.

जोडणीत फार वेळ जात नाही. वायर काढा, पॉवर बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. रॅम काढून पुन्हा बसवा. प्रोसेसरजवळची आठ पिनांची केबल क्लिक होईपर्यंत दाबा. चिपसेटचं कव्हर बऱ्याच बोर्डांवर एम.2 वरूनही जातं, म्हणून तिथली एसएसडी तिरकी राहिली नाही ना ते बघा. नव्या हीटसिंकचा धातूचा स्क्रू किंवा मागची पट्टी बोर्डाच्या ट्रेसला (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांना) टेकत असेल तर मध्ये इन्सुलेटिंग वॉशर हवाच.

दोष उष्णतेचा निघाला, तर हीटसिंक पुन्हा काढावा लागेल. पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. चिपचा कोपरा उडाला की बोर्ड गेला. त्या मुलाच्या बोर्डावरचा थर्मल पॅड (चिप आणि हीटसिंकमधली फट भरणारी मऊ चकती) मी उजेडात धरला, तर चिपचा ठसा फक्त एका कोपऱ्यात उमटलेला आणि बाकी पॅड कोरा, जसा पाकिटातून आला तसा. पॅड अर्ध्या मिलिमीटरचा होता, फट त्याहून जास्त. काही वेळा तर पॅडवरची पारदर्शक फिल्मच काढलेली नसते, म्हणून दोन्ही बाजूंना नखाने खरवडून बघाच.

फट मोजायला मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या. वाटाण्याएवढा गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिपवर ठेवा, हीटसिंक पूर्ण आवळा, काढा आणि चपट्या गोळ्याची जाडी मोजा. पॅड त्याहून किंचित जाड घ्यायचा. अर्धा, एक, दीड, दोन मिलिमीटरचे पॅड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही मिळतात आणि ऑनलाइनही. फार जाड घेतला तर हीटसिंक एका बाजूने उचलला जातो, आणि त्याच हीटसिंकखाली आणखी कुठली चिप असेल तर ती उघडी पडते. फट भरून काढायला पेस्टचा थर थापू नका, पेस्ट त्यासाठी नसते. लिक्विड मेटल तर अजिबात नको, त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

नवा फॅन बोर्डावरच्या साध्या हेडरला (फॅनची वायर लावायच्या पिनांना) जोडला असेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन तो कुणाच्या तापमानावर फिरतो ते बघा. प्रोसेसरवर ठेवलेला असेल, तर फाइल कॉपी करताना प्रोसेसर थंड आणि चिपसेट तापलेला, फॅन मात्र आरामात. फॅन सोर्स चिपसेट करा. तो पर्याय नसेल तर वेग कायमचा ठरवून द्या. थोडा आवाज सहन करा.

फॅन काढून नुसता हीटसिंक लावणाऱ्यांना विदर्भातून कळकळीने सांगते. व्हिडिओत तो माणूस एसीच्या 22 अंशांत बसून चिपसेट 65 दाखवतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर 45 असतं, दुकानात 40 आरामात. खोलीचं तापमान 18 अंशांनी वाढलं की चिपचंही साधारण तेवढंच वाढतं, म्हणजे 83. त्यात वर ग्राफिक कार्डाची गरम हवा. इथे फॅन हवाच, किंवा समोरून हवा ढकलणारा मोठा फॅन तरी हवा.

बसवून झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा आणि दुपारीच, खोली तापलेली असताना, दुसऱ्या एम.2 वरून यूएसबी डिस्कवर मोठ्या फाइल्स कॉपी करा. चिपसेटचा कमाल आकडा 80 च्या खाली राहिला तर पत्री लावून पुन्हा तेच करा. 90 ओलांडला तर जुना हीटसिंक परत लावून फक्त त्याचा फॅन नवा घ्या. जुन्या भागावरही पीसी बंद पडत असेल, तर रॅमची एकेक पट्टी लावून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा, आणि ओळखीच्याचा एसएमपीएस एक दिवस मागून आणा.