कॅमेरावाला मॉनिटर घेण्याआधी टेप घेऊन खुर्चीत बसा

मी स्पीच थेरपिस्ट आहे. माझी बरीचशी सत्रं व्हिडिओ कॉलवर होतात आणि पलीकडे बहुतेक वेळा चार-पाच वर्षांचं मूल असतं. त्याला माझे ओठ नीट दिसले पाहिजेत. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात, ‘त’ म्हणताना मिटत नाहीत. एवढंही धड दिसलं नाही तर सगळं सत्र पाण्यात. त्यामुळे आतच कॅमेरा असलेला मॉनिटर निवडताना मी केली तेवढी चिकित्सा सहसा कोणी करत नसेल. तुमचं काम आठवड्याला दोन मीटिंगांवर भागत असेल, तर यातलं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल.

आधी केबलचं बोलते, कारण मी तिथेच आपटले होते. पहिला मॉनिटर आला, एचडीएमआय केबल लावली, चित्र झकास. कॅमेऱ्याचा मात्र पत्ता नाही. अर्धा दिवस ड्रायव्हर शोधण्यात गेला, लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला, मदत केंद्रावरच्या माणसानेही आणखी एक ड्रायव्हर टाकायला लावला. संध्याकाळी खोकं आवरताना तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक यूएसबी केबल सापडली. ती जोडली आणि कॅमेरा हजर! एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज कॉम्प्युटरकडून मॉनिटरकडे जातात. कॅमेऱ्याचं चित्र उलट दिशेने यायचं असतं, त्याला यूएसबीचा रस्ता हवा असतो.

म्हणून एकाच यूएसबी-सी केबलवर सगळं चालणारा मॉनिटर मला सोयीचा वाटतो: चित्र, कॅमेरा, माइक आणि लॅपटॉपचं चार्जिंगही. पण त्यासाठी लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर पडायला हवा, आणि तो प्रत्येक पोर्टमधून पडत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह (दोन्हींचा अर्थ चित्र बाहेर जातं) आहे का बघा, नाहीतर लॅपटॉपचं माहितीपत्रक उघडा. मॉनिटर किती वॉट देतो तेही पाहा. हलक्या लॅपटॉपला ६५ वॉट पुरतात, दणकट लॅपटॉपला ९० किंवा त्याहून जास्त लागतात. आणि केबल खोक्यातलीच वापरा. मोबाइलच्या चार्जरची केबल दिसायला तशीच असते, पण बहुतेक वेळा तिच्यातून चित्र जात नाही.

आता टेप घ्या. नेहमी बसता तसे बसा आणि स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब येईल ते मोजा. माझं अंतर ७० सेंमी भरलं. कॅमेरा किती पसारा पाहतो ते सांगणारे ७८ अंश, ९० अंश असे आकडे त्याच्या माहितीत असतात आणि बहुधा ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे असतात. ७० सेंमीवर ७८ अंशांच्या कॅमेऱ्यात साधारण १ मीटर रुंदीचा भाग दिसतो, ९० अंशांच्या कॅमेऱ्यात १.२ मीटरच्या आसपास. चेहरा धरा १५ सेंमी. म्हणजे पहिल्यात तो चौकटीचा जेमतेम सातवा हिस्सा आणि दुसऱ्यात आठवा. मला ओठ दाखवायचे आहेत, मागचं कपाट नाही, म्हणून मी ७८ घेतला. शेजारी बसून दोघं-तिघं बोलणार असाल तर हाच हिशेब उलटा करा.

चेहऱ्यामागे फिरणारी ऑटो-फ्रेमिंगची सोय मोठ्या कोनातून तेवढा तुकडा कापून मोठा करते. मेगापिक्सेलचा खरा उपयोग इथे. १०८० पी म्हणजे १९२० × १०८०, जेमतेम २ मेगापिक्सेल. त्यातूनच तुकडा कापला तर चेहरा मऊ पडतो. ऑटो-फ्रेमिंग वापरायचं असेल तर ५ मेगापिक्सेल घ्या. नसेल तर २ भरपूर झाले, कारण कॉलचं ॲप चित्र दाबूनच पाठवतं आणि पुष्कळदा ७२० पीवर आणतं. नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नका. २०२२ साली आलेल्या ॲपलच्या स्टुडिओ डिस्प्ले या मॉनिटरमध्ये १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, तरी चित्र फिकट आणि रवाळ येतं अशी टीका झालीच, आणि कंपनीला अपडेट काढावं लागलं.

मात्र माझी खरी झोप उडवली ती झुकवण्याने. पाठीमागच्या ट्यूबलाइटची तिरीप स्क्रीनवर यायची म्हणून मी मॉनिटर दहा अंश मागे कलवला. स्क्रीनला चिकटलेला कॅमेराही तेवढाच कलला. ७० सेंमीवर दहा अंश म्हणजे १२ सेंमीचा फरक, आणि माझी चौकट उंचीला ५६ सेंमी. हनुवटी पार खालच्या काठाला टेकली, वर नुसतं छत. एका पोराने विचारलं, “मॅडम, तुम्ही बुडताय का?” वरच्या कडेतून बाहेर येणारे काही कॅमेरे वेगळे खाली-वर कलवता येतात, ही सोय दिसली तर तिला माझ्याकडून दोन गुण जास्त.

स्टँडची उंची कमी-जास्त होते का, हेही तितकंच बघा. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली की कॅमेरा आपोआप नजरेसमोर येतो. खाली राहिला तर समोरच्याला नाकपुड्या दिसतात. स्टँड ठोकळ्यासारखा एकाच उंचीचा असेल तर मागे १०० × १०० मिमीची वेसा (मॉनिटर अडकवण्याच्या ठरलेल्या मापाची) भोकं तरी असावीत, म्हणजे आर्म लावता येतो. २७ इंची स्क्रीन उंचीला साधारण ३४ सेंमी असते. समोरच्याची खिडकी मधोमध ठेवली तर तुमची नजर कॅमेऱ्याच्या १४ अंश खाली जाते आणि पलीकडून वाटतं, या बाई टेबलावर काहीतरी वाचतायत. खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या बरोबर खाली सरकवा. फुकटचा इलाज आहे आणि महागड्या मॉनिटरलाही तोच लागतो.

उजेड कमी पडला की पुष्कळ कॅमेरे सेकंदाला ३० ऐवजी १५ चित्रं घेतात, म्हणजे प्रत्येक चित्राला दुप्पट वेळ देतात. तेवढ्यात ओठ मिटून उघडलेले असतात. ‘प’ धुरकट होऊन जातो. खिडकी पाठीशी नको, समोर किंवा बाजूला हवी. हे मॉनिटर बदलून सुटत नाही, टेबल फिरवून सुटतं.

माइकबद्दल थोडकंच. दोन माइक असलेला मॉनिटर एकापेक्षा बरा, पण आवाज साफ करणारी सोय कधीकधी ‘स’ आणि ‘श’लाच खरखर समजून गिळते. माझ्या कामात ते परवडत नाही, म्हणून मी हेडसेटच लावते. स्पीकर २ वॉटचे असोत की ५, बोलण्यापुरते ठीक.

कॅमेऱ्याला झाकण मात्र खरंखुरं, सरकणारं हवं, नाहीतर कॅमेराच खाली दाबून आत जाणारा हवा. कॅमेरा चालू असल्याच्या नुसत्या दिव्यावर भरवसा नको. चेहऱ्याने लॉगइन हवं असेल तर विंडोज हॅलो चालणारा इन्फ्रारेड कॅमेरा शोधा. मॅकवर त्याचा उपयोग नाही.

वेगळा कॅमेरा का नको, असं कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. आतला कॅमेरा जुना झाला की मॉनिटरसकट जुना होतो. सॅमसंगच्या २०२२च्या एम८ मॉनिटरमध्ये चुंबकाने चिकटणारा, काढता येणारा कॅमेरा दिला होता. ती कल्पना मला आवडली. माझ्या टेबलावर आधीच वायरींचं जंगल, आणि वरती चिमटा लावलेला कॅमेरा दर दोन दिवसांनी मान टाकायचा. मी आतल्यावर गेले त्याचं कारण एवढंच.

मॉनिटर आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत एक काम करा. लॅपटॉपचं झाकण मिटवा, ॲपच्या सेटिंगमध्ये मॉनिटरचा कॅमेरा आणि माइक हाताने निवडा (ॲप लॅपटॉपच्याच कॅमेऱ्याला धरून बसतं), आणि अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्या: एकदा दुपारी, एकदा दिवे लागल्यावर. त्यात “पापा, बाबा, मामा” म्हणा, मग “ससा, शहाळं, साखर”. आवाज बंद करून “पापा, बाबा, मामा” बघा आणि डोळे मिटून “ससा, शहाळं, साखर” ऐका. ओठ मिटताना दिसले नाहीत किंवा ससा ‘अआ’ झाला, तर खोकं अजून फेकलेलं नाही ना ते बघा.